कोवळ्या वयातील लठ्ठपणा आणि शस्त्रक्रियेचा पर्याय

विशेष प्रतिनिधी

सोलापूर : मूल अंगाने भरलेले असले, की 'खात्यापित्या घरचे' म्हणून त्याचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. तान्हेपणीचे बाळसे, सुदृढ बालक स्पर्धेतील गुटगुटीत बाळांची छायाचित्रे, पाहुण्यांनी प्रेमाने ओढलेले गाल, या साऱ्यांतून जाड म्हणजे निरोगी हे समीकरण घराघरांत पक्के बसले आहे. हेच मूल दहावीत पोचते, वजनकाटा शंभरीला टेकतो, मानेवर काळपट पट्टा उमटतो आणि रक्ततपासणीत साखर वाढलेली निघते, तेव्हा मात्र घरातील सूर बदलतो. आधी आहारतज्ज्ञ, मग जिम, मग कोणीतरी सुचविलेली पावडर असा प्रवास होतो. त्यानंतर कधीतरी दबक्या आवाजात प्रश्न निघतो, की ऑपरेशन करून टाकायचे का?

प्रौढांच्या बाबतीत हा प्रश्न आता नवा राहिलेला नाही. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याविषयी ते उघडपणे बोललेही. त्यानंतर 'बॅरिॲट्रिक सर्जरी' हा शब्द मराठी वाचकांच्या कानावरून वारंवार गेला. परंतु ज्याची उंची अजून वाढते आहे, ज्याची हाडे अजून घडत आहेत आणि ज्याला स्वतःच्या संमतीपत्रावर सही करण्याचाही अधिकार नाही, अशा मुलाच्या जठराचा मोठा भाग कायमचा काढून टाकणे कितपत योग्य, याचे उत्तर गेल्या दोन दशकांतील अभ्यासांनी हळूहळू दिले आहे. ते उत्तर सरळ होकाराचे नाही आणि नकाराचेही नाही.

एकाच वर्गात दोन टोके

सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या आणि विडी कामगारांच्या शहरात मुलांच्या लठ्ठपणाची चर्चा काहींना चैनीची वाटेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली होती, तर २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश होती. मात्र त्याच पाहणीत अतिरिक्त वजनाच्या बालकांचे प्रमाण आधीच्या फेरीतील १.९ टक्क्यांवरून ४.१ टक्क्यांवर गेल्याचेही दिसले. म्हणजे कुपोषणाची दोन्ही रूपे एकाच राज्यात, किंबहुना एकाच गल्लीत, शेजारीशेजारी नांदत आहेत. देशपातळीवर पाहिले तर 'लॅन्सेट'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय विश्लेषणानुसार ५ ते १९ वयोगटातील सुमारे सव्वा कोटी भारतीय मुले-मुली २०२२ मध्ये लठ्ठ या वर्गात मोडत होती. १९९० मध्ये हीच संख्या चार लाखांच्या घरात होती.

कारणे शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सकाळी क्लास, दुपारी शाळा, सायंकाळी पुन्हा क्लास आणि रात्री मोबाइल, अशा दिनक्रमात मैदान कोठेच बसत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या शहरात दुपारी खेळायला जा, असे तरी कोण म्हणणार? ज्वारीचे कोठार म्हणविणारा मंगळवेढा हाकेच्या अंतरावर असूनही मुलांच्या डब्यातील भाकरीची जागा बिस्किटे आणि नूडल्सनी घेतली आहे, आणि सुटीची संध्याकाळ म्हणजे पार्क चौपाटीवरील गाड्या, हे गणित ठरून गेले आहे. शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकू नये, असा आदेश राज्य शासनाने मे २०१७ मध्ये काढला होता. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळेच्या आवारालगतच्या ५० मीटर परिसरालाही हा नियम लावला. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकासमोर उभे राहिले, की त्याचे काय झाले ते प्रत्येकाला दिसते.

जाड कोणाला म्हणायचे?

प्रौढांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, एका ठरावीक मर्यादेशी ताडून पाहता येतो. मुलांना तो नियम लागू पडत नाही, कारण वाढीच्या वयात हा आकडा दरवर्षी बदलतो आणि मुलगा व मुलगी यांत तो वेगळा असतो. त्यामुळे मुलाचा आकडा त्याच्याच वयाच्या आलेखावर मांडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी असे सुधारित आलेख प्रसिद्ध केले आणि त्यामागील कामात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांचा मोठा वाटा होता. या आलेखात भारतीय मुलांसाठी जास्त वजन आणि लठ्ठपणा यांच्या रेषा मुद्दाम खालच्या पातळीवर, प्रौढांच्या अनुक्रमे २३ आणि २७ या आकड्यांशी जुळतील अशा आखल्या आहेत.

याचे कारणही पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपले आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! भारतीय शरीर वरून सडपातळ दिसूनही आत चरबी साठवून ठेवते, हे या एका छायाचित्राने जगाला पटवून दिले. म्हणूनच पाश्चात्त्य मुलाला जे वजन निभावून नेता येते, ते आपल्या मुलाला झेपेलच असे नाही.

आता उदाहरण घेऊ. पंधरा वर्षांचा मुलगा, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १०० किलो. त्याचा निर्देशांक ३९ च्या आसपास येतो. हा मुलगा 'थोडा जाड' नाही, त्याचा लठ्ठपणा तीव्र स्वरूपाचा आहे. शस्त्रक्रियेची चर्चा अशा मुलांपुरतीच मर्यादित आहे, हे पालकांनी आधी ध्यानात घ्यावे. कपडे घट्ट होतात किंवा लग्नसमारंभात नातेवाईक टोकतात, ही कारणे येथे चालत नाहीत.

पोटात नेमके काय करतात?

ही शस्त्रक्रिया म्हणजे चरबी शोषून काढणे, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. चरबी शोषण्याची क्रिया सौंदर्यासाठी असते, तिने मधुमेह बरा होत नाही. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत चरबीला हातच लावला जात नाही. बदल केला जातो तो जठर आणि आतड्याच्या रचनेत.

अमेरिकेत १९५० च्या दशकात लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याचे पहिले प्रयोग झाले. वजन उतरले, पण यकृत निकामी होणे आणि तीव्र जीवनसत्त्व-अभाव यांमुळे ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात गॅस्ट्रिक बायपासची पद्धत आणली. तिच्या आजच्या रूपात जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. दुसरी पद्धत म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग स्टेपलरने कापून बाहेर काढला जातो आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक राहते. हल्ली मुलांमध्ये हीच पद्धत अधिक वापरली जाते. जठराभोवती पट्टा बसविण्याची तिसरी पद्धत एकेकाळी लोकप्रिय होती, परंतु वजन पुरेसे न घटणे आणि पट्टा सरकणे यांमुळे ती जवळजवळ मागे पडली आहे.

जठर लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, इतकेच याचे स्पष्टीकरण नाही. भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचू लागल्याने तृप्तीची आणि इन्सुलिन वाढविणारी संप्रेरके अधिक स्रवतात. त्यामुळे अनेक रुग्णांची साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येते. 'तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती' असा टोमणा या मुलांना सर्रास ऐकावा लागतो. भूक ही केवळ मनाच्या निग्रहाची बाब नसते, हे या संप्रेरकांनी दाखवून दिले आहे.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये प्रौढांसाठी शस्त्रक्रियेचे निकष ठरविले, तेव्हा मुलांबाबत पुरेशी माहिती नाही म्हणून त्यांना बाजूला ठेवले होते. ती उणीव भरून काढण्यासाठी २००७ मध्ये अमेरिकेतील पाच केंद्रांत 'टीन-लॅब्ज' नावाचा अभ्यास सुरू झाला. १३ ते १९ वर्षे वयाच्या २४२ मुला-मुलींची त्यात नोंद झाली आणि त्यांचा सरासरी निर्देशांक ५३ होता. तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी वजन २७ टक्क्यांनी घटले होते आणि ज्यांना टाइप-२ मधुमेह होता, त्यांपैकी ९५ टक्के मुलांचा मधुमेह ओसरला होता. ७४ टक्क्यांचा वाढलेला रक्तदाब पूर्वपदावर आला होता.

पुढे २०१९ मध्ये याच मुलांची तुलना बायपास केलेल्या प्रौढांशी करण्यात आली. पाच वर्षांअखेर वजनातील घट दोन्ही गटांत जवळपास सारखी होती. मधुमेह मात्र ८६ टक्के मुलांत ओसरलेला राहिला, प्रौढांत ५३ टक्क्यांतच. उच्च रक्तदाबातही मुलांचा प्रतिसाद सरस ठरला. आजार जुना होऊन मुरण्याआधी शस्त्रक्रिया केली तर तो परतविता येतो, असा तर्क यावरून निघतो. मुलांत होणारा टाइप-२ मधुमेह प्रौढांपेक्षा झपाट्याने मूत्रपिंड आणि डोळ्यांवर घाला घालतो, हे लक्षात घेतले तर या आकड्याचे मोल कळते.

दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये हाती आला. घट सरासरी २० टक्के टिकली, मधुमेहापासून मुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ५५ टक्क्यांवर आले. सुरुवातीच्या ९५ टक्क्यांच्या मानाने हे कमी आहे, हे कबूल करावे लागेल. तरीही कोणत्याही आहार-व्यायाम कार्यक्रमाला इतक्या तीव्र लठ्ठपणात असे यश मिळालेले नाही. स्वीडनमध्ये १३ ते १६ वर्षांच्या ५० मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हेच दिसले. शस्त्रक्रिया झालेल्यांचा निर्देशांक दोन वर्षांत १२.६ ने उतरला. काटेकोर वैद्यकीय देखरेखीखाली आहार-उपचार घेतलेल्यांचा अवघ्या ०.२ ने.

या यशाची किंमत

जाहिरातींत वजन उतरल्याची छायाचित्रे असतात, खालील गोष्टी नसतात. 'टीन-लॅब्ज'च्या पहिल्या तीन वर्षांत ५७ टक्के मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा खालावलेला आढळला आणि १३ टक्के मुलांवर पोटाची आणखी एखादी शस्त्रक्रिया करावी लागली. जोडाला गळती लागणे, रक्तस्राव होणे, पित्ताशयात खडे होणे या अडचणी उद्भवू शकतात. स्लीव्हनंतर छातीतील जळजळ वाढते. लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायमिन यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने एक-दोन वर्षे नव्हे, तर जन्मभर घ्यावी लागतात. आपल्याकडे हा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण शाकाहारी घरांतील मुलांत ब-१२ आधीच तुटपुंजे असते आणि वयात आलेल्या मुलींत रक्तक्षय सर्रास आढळतो. पंधरा वर्षांच्या मुलाने पंचाहत्तरीपर्यंत रोज गोळी घ्यायची, म्हणजे साठ वर्षांची शिस्त. या वयात महिनाभर गोळ्या न चुकविणारी मुले किती, हे पालकांनी स्वतःलाच विचारावे.

मनाचा भाग तर अनेकदा चर्चेतच येत नाही. वर उल्लेखिलेल्या पाच वर्षांच्या तुलनेत मुलांच्या गटात तीन मृत्यू झाले आणि त्यांपैकी दोन अमली द्रव्य वा औषधाच्या अतिमात्रेशी निगडित होते. संख्या लहान आहे, त्यावरून शस्त्रक्रियेला दोषी धरता येणार नाही. परंतु वर्षानुवर्षे चिडवणूक सोसलेल्या मुलाचे नैराश्य टाक्यांसोबत निघून जात नाही, हे मात्र त्यातून कळते. बायपासनंतर मद्य शरीरात अधिक वेगाने भिनते, हा कॉलेजच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी आणखी एक धोका. मुलींच्या बाबतीत अनियमित पाळी वजन घटताच सुरळीत होते. शस्त्रक्रियेनंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न उरकण्याची घाई असलेल्या घरांत हे स्पष्टपणे सांगण्याची जबाबदारी डॉक्टरांनी टाळता कामा नये.

कोणाला, केव्हा?

अमेरिकेच्या बालरोग अकादमीने जानेवारी २०२३ मधील मार्गदर्शक सूचनांत १३ वर्षे आणि त्यापुढील तीव्र लठ्ठ मुलांना शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठविण्याचा पर्याय डॉक्टरांनी द्यावा, असे म्हटले आहे. तपासणीसाठी पाठविणे आणि शस्त्रक्रिया करणे यांत फरक आहे, तो वृत्तांमध्ये बऱ्याचदा पुसला जातो. भारतीय प्रौढांसाठी २००९ मधील तज्ज्ञांच्या सहमतीने निर्देशांक ३७.५, किंवा सहव्याधी असल्यास ३२.५, ही मर्यादा सुचविली होती. मुलांच्या बाबतीत आकड्याबरोबर वाढ किती झाली आहे, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणे किंवा यकृतावर सूज आणणारी चरबी आहे काय आणि घरातील मंडळी पाठपुरावा करतील काय, हेही तितक्याच कसोशीने पाहिले जाते.

त्याआधी एक तपासणी मात्र टाळू नये. एखादे मूल पहिल्या-दुसऱ्या वर्षापासूनच कमालीचे वाढत असेल आणि त्याची भूक कधीच भागत नसेल, तर दोष जनुकात असू शकतो. लेप्टिन या संप्रेरकाचा जन्मजात अभाव असलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला ब्रिटनमध्ये त्याच संप्रेरकाची इंजेक्शने दिल्यावर तिची भूक आणि वजन दोन्ही आटोक्यात आल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा मुलाला सुरीची नव्हे, निदानाची गरज असते. २०१७ मध्ये इजिप्तहून मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेची कहाणी वाचकांना आठवत असेल. तिचा लठ्ठपणा लहानपणापासूनचा होता आणि लेप्टिनच्या ग्राहकाशी संबंधित जनुकात दोष आढळल्याचे तेव्हा डॉक्टरांनी जाहीर केले होते. शस्त्रक्रियेनंतर वजन पुष्कळ उतरूनही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबुधाबीत तिचे निधन झाले.

औषधांच्या आघाडीवरही चित्र पालटत आहे. सेमाग्लुटाइडच्या साप्ताहिक इंजेक्शनाने १२ वर्षांवरील मुलांचा निर्देशांक ६८ आठवड्यांत सरासरी १६ टक्क्यांनी उतरल्याचे २०२२ मध्ये दिसून आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत या वयासाठी त्यास मान्यता मिळाली. भारतात या वर्गातील इंजेक्शने वजनासाठी म्हणून २०२५ मध्ये बाजारात आली, ती प्रौढांसाठी. इंजेक्शन थांबविले की वजन पुन्हा चढते, ही त्यांची मोठी मर्यादा आहे.

सही, पैसा आणि पुण्याच्या फेऱ्या

कायद्याने १८ वर्षांखालील मुलाच्या शस्त्रक्रियेची संमती आई-वडिलांनी द्यायची असते. परंतु आयुष्यभर अर्धी वाटी जेवणार आहे तो मुलगा, वडील नव्हेत. म्हणून जाणकार केंद्रांत मुलाशी पालकांच्या अनुपस्थितीत स्वतंत्रपणे बोलले जाते आणि त्याची तयारी नसेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. ज्या रुग्णालयात पहिल्याच भेटीत तारीख दिली जाते, तेथून उठून यावे, असे आमचे मत आहे. बालरोगतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांपैकी कोणी मुलाला तपासलेच नसेल, तर शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी ती तयारी अपुरीच.

खर्च काही लाखांत जातो आणि येथेच मध्यमवर्गीय कुटुंबांची मोठी अडचण होते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळण्याच्या अटींचे एकसारखे शब्दांकन ठरवून दिले. त्यानुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्णाचे वय किमान १८ वर्षे आणि निर्देशांक ४०, किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो. म्हणजे ज्या वयात मधुमेह परतविण्याची शक्यता सर्वाधिक, त्याच वयात विम्याचे दार बंद. भारतीय शरीरासाठी तज्ज्ञांनी सुचविलेली खालची मर्यादाही या शब्दांकनात नाही. ही विसंगती दूर करण्याची मागणी डॉक्टरांच्या संघटनांबरोबर ग्राहक संघटनांनीही उचलून धरायला हवी.

मोठ्या उपचारांसाठी 'हुतात्मा'ने पुणे गाठण्याची सोलापूरकरांना जुनी सवय आहे. शस्त्रक्रिया तेथे झाली तरी पुढील रक्ततपासण्या, ब-१२ ची इंजेक्शने आणि आहाराचा सल्ला या गोष्टी घराजवळच व्हायला हव्यात, नाहीतर दुसऱ्या वर्षी फेऱ्या थांबतात आणि चौथ्या वर्षी मूल रक्तक्षय घेऊन दवाखान्यात येते. त्यासाठी पुण्याला जाण्यापूर्वीच गावातील एका डॉक्टरांना या प्रकरणात सामील करून घ्यावे. शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची झाली, हे लिहिलेला कागद मुलाजवळ कायम असू द्यावा. बायपास झालेल्या रुग्णाने आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घेतल्यास जोडावर व्रण होऊ शकतो आणि अनेक वर्षांनंतरही अचानक तीव्र पोटदुखी उठली तर आतडे अडकल्याची शंका घेऊन तातडीने तपासावे लागते. शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्या मुलाला मध्यरात्री तपासणाऱ्या अनोळखी डॉक्टरांना हे त्या कागदावरूनच कळणार असते.